आमचं चिबड जळून राहिलंय

२७ डिसेंबर, शनिवार

रात्री झोप न्हाई. डोळा लागला की वाटतंय खालची भुई ऊन झाली. उठते, हात लावून बघते. गार असती. मग आरूच्या नाकापुढं बोट धरते. श्वास चालू असतो. पुन्ना आडवी होते. पुन्ना तेच.

कारण चिबड. घराच्या मागं, करंजाच्या झाडापल्याड आमच्या वाटणीतलं ओलं रान. म्हणजे ओलं होतं. येळवस, म्हणजे येळ अमावस्या, झाल्यापासून तिथून धूर निघून राहिलाय. जाळ कुठंच न्हाई. नुसता धूर, मातीतून.

हे म्हणतात, थंडीची धुई हाय. धुई ऊन पडलं की जाती. ही दुपारीबी हाय. आन् धुईला वास नसतो. हिला गवऱ्या जळल्याचा वास हाय.

आरू खोकून राहिली. अडीच वर्षाचं लेकरू, खोकताना सगळं अंग मुडपून घेती.

सातवीपर्यंतच शिकले मी. चुका होतील. पण कुणापाशी बोलावं? आत्याबाईला, मह्या सासूला, सांगितलं तर त्या देवाचं काढतात, ह्यांना सांगितलं तर ते हसतात. म्हणून लिहिते.


२८ डिसेंबर, रविवार

येळवशीचं आठवून राहिलं सारखं.

मह्या माहेरी भोकरकडं येळवशीचं एवढं न्हाई. इकडं लातूरकडं दिवाळीच्या वर. लग्न होऊन आले तव्हा मला कौतुक वाटायचं, सगळं गाव कुलूप लावून वावरात. कडब्याची कोप करायची, पांडव पुजायचे, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. सांच्याला कडब्याची पेंढी पेटवून हेंडगा करायचा आन् वरडत वावराला फेरी मारायची.

दर साली फेरी आसरांच्या दगडापर्यंत यायची. शेंदूर लावलेले सात दगड. तिथून गडी माघारी वळायचे, कारण पुढं चिबड. पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. तिथं पाणकणसं, बगळे, चांदी म्हशीचं लोळणं. वावर न्हाईच ते, मग फेरी कशाला?

आवंदा तिथं हरभरा हाय. उन्हाळ्यात मह्या भावानं, दत्तानं, जेसीबीनं चर काढून दिली, सगळं पाणी वढ्याला गेलं, रान मोकळं झालं. तर हे म्हणले, "आवंदा फेरी पुरी मारायची!" हेंडगा घेऊन दगडाच्या पुढं पळाले. पोरं मागं. कडंला वाळलेली पाणकणसं उभी होती, त्यात हेंडगा टाकून दिला. "जळू दे, साफ हुईल."

भडकन पेटलं. लई मोठा जाळ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आरूनं पण.

सकाळी बघितलं तर काळी राख. विझलं, म्हणले सगळे. मीबी म्हणले.


३० डिसेंबर, मंगळवार

चांदीचा पाय भाजला.

सकाळी सुटली आन् सवयीनं लोळणाकडं गेली. तिला काय माहीत पाणी न्हाई म्हणून. वरून चांगली भुई दिसत होती, राखेचा थर. पुढचा उजवा पाय पोटरीपर्यंत आत गेला आन् ती अशी वरडली, अशी वरडली. म्हैस वरडती तसं न्हाई ते. केस जळल्याचा वास. हे पळत गेले, मी दावं धरलं, मागं वढली.

जिथं पाय गेला तिथं भोक पडलं. आत लाल. चुलीत राखेखाली इस्तू असतो ना, तसं, पण खाली खाली खोल.

ह्यांनी फोन काढून जनावराच्या डॉक्टरला बोलावलं. तो यायच्या आत चांदीच्या पायावर गार पाणी वतत बसले, तिच्या मानंवर हात ठेवून. "गप माय, गप माय." येवढ्या हळू आवाजात ते आरूशीबी बोलत न्हाईत.

सांच्याला काठी घेऊन गेले मी, कडंकडंनं. वावभर लांब जाऊन काठी खुपसली. सहज आत गेली, पिठात गेल्यासारखी. काढली तर टोकाला धूर.

म्हणजे दिसतंय तेवढ्यातच न्हाई. पुढं पण हाय.


३१ डिसेंबर

आत्याबाईनं घरातूनच आसरांना खण-नारळ केलं. म्हणल्या, "पाणवठ्याच्या बाया हायत त्या. तुम्ही पाणी काढून घेतलं त्यांच्या अंगाखालचं. आता त्या लेकराच्या छातीत बसतील."

मला रडू आलं. मग त्याच म्हणल्या, "रडू नगंस. मलाबी भ्या वाटतंय म्हणून बोलले."

भाकऱ्या करताना एक सांगितलं त्यांनी. लई मागं, त्या नव्या नवरी असताना मोठा दुष्काळ पडला होता. चिबडाची कड वाळली. जळण मिळंना म्हणून बायांनी तिथली काळी ढेकळं आणून चुलीत घातली. जळली. चांगली जळली. मग त्यांच्या सासूनं सगळ्या बायांना शिव्या दिल्या. म्हणली, वरची पाणकणसं कापा, दसऱ्यानंतर, पाळीपाळीनं, छपराला न्या, चटईला न्या. पण खालचं उकरू नका. ती माती खाल्ली तर पाणी कुठं बसंल?

मी म्हणले, "आत्याबाई, हे तुम्ही उन्हाळ्यात कामून न्हाई सांगितलं? मशीन आली तव्हा?"

"सांगितलं की. तुझा नवरा म्हणला, आई, तुझं ते जुनं झालं."


१ जानेवारी, गुरुवार

दत्ताला फोन लावला, ह्यांच्या फोनवरून. घरात फोन एकच, तो ह्यांच्या खिशात. हे आंघोळीला गेलेले.

दत्ता आता धर्माबादला हाय मशीनवर, रोडच्या कामाला. मागं घरघर चालू.

"काय आक्का, नव्या वर्षाचा फोन व्हय? का भाकरी करपली?"

"रान जळून राहिलंय दत्ता. चिबड. खालून."

मशीन बंद केली त्यानं. सगळं इचारलं. कुठवर आलंय, हरभरा कसा हाय, आरू कशी हाय. मग म्हणला, "आक्का, मला तव्हाच खटकलं होतं. बकेट भरून यायची पण वजनच न्हाई. काळी माती कशी जड असती, मशीन दबती. ही गादीतल्या कापसावानी. मी दाजीला म्हणलोबी, दाजी ही माती न्हाई, मुळ्या हायत नुसत्या. आज्या-पणज्याच्या टायमाची पाणकणसं एकावर एक दबून बसलेली. पाण्यात होती म्हणून कुजली न्हाईत, जळली न्हाईत. आता वाळून गवरी झाली सगळ्या रानाची."

"मग आता?"

"पाणी माघारी आणायचं. दुसरं काय? वरच्या तळ्याचा पाझर चालूच हाय, तो चरीनं वढ्याला पळतोय. चर बुजवली की रान आपोआप भरंल. मीच उकरली, मीच बुजवतो. मशीन घेऊन येतो."

तेवढ्यात हे आले, अंग वलं. फोन घेतला.

"काय रं, दाजीला शेती शिकवलालास व्हय?"

दत्ताचं ऐकू आलं न्हाई. ह्यांचं आलं.

"हरभरा घाट्याला आलाय माझा. आता पाणी सोडू? तुझ्या मशीनला काय, आज उकर, उद्या बुजव. माझं वावर म्हणजे तुझं खेळणं न्हाई... न्हाई. यायचं न्हाई. सांगून ठेवलालोय."

बंद केला. माझ्याकडं बघितलं न्हाई. फोन टॉवेलमधी गुंडाळून आत गेले.


३ जानेवारी, शनिवार

पाण्याचा बंब आला. थोरल्या भाऊजींनी, ह्यांच्या भावानं, बोलावला, ह्यांना न इचारता. धूर त्यांच्या ऊसाकडं जाऊन राहिला म्हणून.

सगळं गाव गोळा. थोरले भाऊजी ह्यांना म्हणले, "काय शिवा, जमिनीला ताप आला का रं? गोळी दे एखादी."

कुणीतरी म्हणलं, "वांगी टाका बे, भरीत हुईल."

बाया मला म्हणल्या, "थंडीचं बरं हाय की तुला, शेकायला." हसल्या. मीबी हसले. काय करावं?

बंबवाल्यांनी सगळं पाणी वतलं. शीः करून वाफ उठली, लई वर गेली. धूर थांबला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. बंबावरचा एक माणूस पाईप गुंडाळताना ह्यांना म्हणला, "मालक, हे वरून शांत झालं, खालचं काय सांगता येत न्हाई. एवढं पाणी हिनं पिऊन टाकलं बघा. आमच्या एका गाडीचं काम न्हाई हे."

हे म्हणले, "विझलं की."


५ जानेवारी

विझलं न्हाई. ह्या अंगाला बंद झालं, त्या अंगाला निघालं. घराच्या अंगाला.


६ जानेवारी, मंगळवार

मुरुडला दवाखान्यात. आरूची छाती रात्रभर वाजत होती, किर्र किर्र. डॉक्टरनं वाफारा दिला, तोंडाला ते लावून. ती मला चावली. बरं वाटलं मला, चावायला ताकद हाय म्हणून.

डॉक्टर म्हणले, "घरात चूल आहे का?"

"न्हाई, गॅस हाय."

"कुणी विडी ओढतं?"

"न्हाई."

"मग धूर कुठला लागतो हिला?"

"जमिनीचा."

त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. हे भिंतीकडं बघत होते. मग मीच सांगितलं सगळं. ऐकून घेतलं त्यांनी, हसले न्हाईत. म्हणले, मुलीला काही दिवस दुसरीकडे ठेवा. असा धूर लहान छातीला चांगला नाही.

गाडीवर येताना हे म्हणले, "सक्रांत झाली की भोकरला जा आईकडं."

"आन् तुम्ही?"

"माझं काय? मी हाय की."

हेच तर. मी गेले की हे त्या रानात एकटे फिरतील. रोज फिरतात. हरभऱ्याच्या वळीवळीनं, चवड्यावर, मांजरावानी. कुठं ऊन लागतंय बघत. आन् आत्याबाईला गुडघ्यामुळं दारातून उतरवत न्हाई. हे कुठं आत गेले तर हाक ऐकायलाबी कुणी न्हाई.

हिरीत डोकावले आज. पाणी पायऱ्या सोडून खाली गेलंय. जानेवारीतच. लग्न झालं त्या साली मे महिन्यात मी ह्या हिरीचं पाणी हातानं घेऊन पिले होते, वाकून.


८ जानेवारी, गुरुवार

करंज पडला.

भर दुपारी. वारं न्हाई, काही न्हाई. मी आरूचे कपडे वाळू घालून राहिले होते. कर्र असा आवाज झाला. वर बघितलं तर झाड वाकत होतं. हळू. माणूस खाली बसतं तसं बसलं. हिरवंगार, शेंगा लागलेल्या. पानंबी सुकली न्हाईत.

मुळ्या बघितल्या. खालच्या न्हाईतच. जळून गेल्या. वर झाडाला मालूमच न्हाई.

आरू ह्याच झाडाला बांधलेल्या झोळीत झोपायची. आठ दिवसाखाली मी झोळी काढून घरात बांधली, आपलं उगं भ्यानं. सगळे म्हणले होते, भित्री हाय.

हे आले, खोडावर बसले. लई येळ. मी म्हणले, "इथून घर किती हाय?"

फांदीची एक शेंग तोडून सोलू लागले.

"तुम्हाला इचारून राहिले."

"दिसतंय की," म्हणले.


९ जानेवारी

खरं ते लिहिते. मला ह्यांचा राग येतो आन् कीवबी येती.

वाटण्या झाल्या तव्हा थोरल्या भाऊजींना काळं रान गेलं, ऊसाचं. ह्यांना माळाचा तुकडा आन् चिबड. भावकीत सगळे हसले. "शिवाला बेडकं आली वाट्याला." लग्नाच्या पंगतीत पण कुणीतरी म्हणलं होतं, मह्या कानावर आलं. नवरदेवाची शेती नावंत बसून करायची म्हणे.

म्हणून चर काढली. म्हणून हरभरा. आन् हरभरा असा आला की बघत राहावं, मांडीला लागायचा. ज्यांनी बेडकं म्हणलं ते बांधावर येऊन गप उभे राहायचे. हे त्यांना हरभऱ्याची कोवळी भाजी खुडून द्यायचे. त्या दिवसात हे झोपेत पण हसायचे.

आता त्यांना म्हणायचं, पाणी सोडा त्याच्यावर.

मला काय चिबड आवडायचं असं न्हाई. पहिल्या साली तर लई भ्यायचे. सांच्याला बेडकं अशी वरडायची की मला वाटायचं कुणी माणसं बोलून राहिली. डास. घरात वल. पण उन्हाळ्यात दार उघडलं की तिकडून गार यायचं. सगळं रान भाजून निघायचं, तेवढंच हिरवं. लांबलांबून पाखरं यायची, पाय लांब लांब, एका पायावर उभी. चटईला पाणकणसं न्यायला बाया यायच्या, त्यांच्यासंगं गप्पा व्हायच्या. पाऊस कसाबी पडू दे, हे सगळं पिऊन घ्यायचं आन् हिरीला हळूहळू द्यायचं. कुणी काही केलं न्हाई त्यासाठी. नुसतं हात लावला न्हाई, एवढंच.

आवंदा पाखरं आली होती. वरून फिरली, गेली.


११ जानेवारी, रविवार

मी फावडं घेऊन गेले. हे मुरुडला सक्रांतीच्या बाजाराला गेलेले. चरीचं तोंड पार त्या अंगाला, वढ्याजवळ. चिबडातून गेलं तर जवळ, पण तिथून कोण जाईल? वढ्याच्या वाटंनं, वळसा घालून गेले.

चर बघितली. दत्ता मशीनवर बसून गाणी म्हणत उकरत होता तव्हा येवढी मोठी वाटली न्हाई. पाणी बारीक धारंनं चाललंय, खुळखुळ. आपलंच पाणी. इथं रान जळून राहिलंय आन् हे आपलं निघालंय वढ्याला.

माती टाकू लागले. टाकली की वाहून जाती. पुन्ना टाकली. हाताला फोड आले. मग मागं आवाज आला.

"काय करलालीस?"

हे. हातात बाजाराची पिशवी तशीच.

मी माती टाकत राहिले. मला वाटलं आता फावडं हिसकून घेतील. न्हाई घेतलं. बांधावर बसले, पिशवी पायापाशी ठेवून.

"घाटे भरू दे गं," म्हणले. "मग बुजवतो. आईशप्पथ बुजवतो. घाटे तेवढे भरू दे."

"आग थांबती का तुमच्या घाट्यासाठी?"

"येवढा एकदाच आलाय. लोकांनी बघितलाय."

"करंज पण लोकांनी बघितलाय."

मग त्यांनी पिशवीतून बोरं काढली, मला दिली. मी घेतली. काय करावं अशा माणसाचं?


१२ जानेवारी

आरूला रात्री दोनदा उलटी झाली खोकून. दिवसा बरी. "धूल, धूल" म्हणती, दार लावा म्हणून सांगती. दार लावलं की फटीतून येतो. फटीत फडकी कोंबली. आता घरात अंधार.

आत्याबाई म्हणल्या, "तू जा लेकराला घेऊन. आजच जा."

"तुम्ही चला."

"मी कुठं जाऊ आता? मी ह्याच्या बापाला काय सांगू, घर सोडलं म्हणून?"

त्यांचा मालक जाऊन किती वर्षं झाली. तरी सांगायचं हायच.


१३ जानेवारी, मंगळवार. भोगी

आज भोगीची भाजी. हरभरा लागतो त्यात, वल्ला. हे म्हणले, "मी आणतो." मीबी मागं गेले, कडंपर्यंत.

ह्यांनी एक झाड धरलं, उपटायला जोर लावला आन् मागं पडता पडता राहिले. जोर लागलाच न्हाई. केस उपटावा तसं आलं. वर हिरवं, घाटे लागलेले. खाली मुळी न्हाई. काळं टोक, आन् राख गळून राहिली त्यातून.

ह्यांनी ते खाली ठेवलं. दुसरं धरलं. तेच. तिसरं. मग वळीनं उपटत निघाले, एकामागं एक. मी वरडले, "पुढं जाऊ नका! अवं, पुढं नका!" ऐकलं न्हाई. पुढं गेले, थांबले. हातातलं एक झाड धरून तसेच उभे.

माघारी आले तव्हा पायताणाचा तळ वितळलेला.

भाजी बाजारातल्या हरभऱ्याची केली. तिळाची भाकरी. हे दोन घास खाऊन उठले. आरूला मांडीवर घेऊन बसले दारात. ती त्यांच्या मिशा वढत होती, ते वढू देत होते.


१४ जानेवारी, सक्रांत

पहाटं येरवाळी उठले तर हे तयार. फावडं, घमेलं, रिकामी पोती घेतलेली. पोत्यात माती भरून चरीत टाकायची म्हणले, म्हणजे वाहून जाणार न्हाई.

मी म्हणले, "दत्ताला फोन करा ना. मशीननं दुपारपर्यंत हुईल."

"मी त्याला नगं ते बोललोय."

"तो इसरला असंल."

"मी न्हाई इसरलो." मग म्हणले, "माझ्या हट्टानं उघडं केलं, माझ्या हातानं बुजवतो. तू सण कर."

"चिबडातून जाऊ नका. वढ्याकडून जा."

"हौ."

"शप्पथ घ्या."

"आगं हौ म्हणलो की." आरूच्या डोक्यावरून हात फिरवला, गेले. जाताना आत्याबाईच्या पाया पडले. सण हाय म्हणून पडले. पण मला नगं वाटलं ते.


आजच, दुपार

गच्चीवरून बघून राहिले. सकाळी दिसत होते, चरीपाशी, पांढरा टॉवेल डोक्याला. वाकतात, उठतात. पोती टाकून राहिलेत. मला येवढा आनंद झाला, मी आरूला उचलून दाखवलं. "बग, बाबा पाणी आणून राहिलेत."

मग वारं फिरलं. धूर मधी आला. आता तिकडचं काही दिसत न्हाई.

हाक मारली. एकदा "हौ" आलं. मग पुन्ना मारली. न्हाई आलं. पुन्ना मारली. धुराकडून पाखरू पण बोलून न्हाई राहिलं.

चरीच्या काठाखालीबी आग असंल का? करंजाखाली होती, तिथं का नसंल? हे मला आधी कामून न्हाई सुचलं? काठावर पोतं घेऊन माणूस उभं राहिलं की वजन किती पडतं.

कदाचित ऐकू येत नसंल. कदाचित पाणी भरायला लागलं आन् त्या आवाजात. असंबी असंल.

फोन त्यांच्याच खिशात. थोरले भाऊजी सण म्हणून लातूरला गेलेत, घराला कुलूप. गावात जाऊन माणसं आणायला येळ न्हाई. मी चालले. वढ्याच्या वाटंनं, चिबडातून न्हाई. आरूला आत्याबाईपाशी ठेवलंय, दार लावून, वल्लं फडकं लावून. आत्याबाई म्हणल्या, "जा, मी हाय." आरू रडून राहिली. ऐकू येऊन राहिलं मला लिहिताना.

सांच्याला तुम्ही बाया वाण घेऊन याल. ही वही उंबऱ्यावर ठेवते, वर तिळगुळाची ताटली ठेवते उडू नये म्हणून. जी कोणी पहिली येईल तिनं हे वाचावं. वाचता येत नसंल तर पोराकडून वाचून घ्यावं. मी घरात नसले तर घराच्या मागं कुणी जाऊ नका, लेकरांना जाऊ देऊ नका. भुई दिसती तशी न्हाई.

आन् मह्या भावाला फोन करा. दत्ता. नंबर दाराच्या मागल्या अंगाला खडूनं लिहिलाय, मोठा मोठा, त्याचं नाव हाय वर. त्याला म्हणा आक्कानं सांगितलंय, मशीन घेऊन ये, वढ्याकडून ये. म्हणा, दाजी स्वतः चर बुजवायला गेलेत, आता ते काही बोलणार न्हाईत तुला.

उचलला न्हाई तर पुन्ना लावा. मशीनच्या आवाजात त्याला ऐकू येत न्हाई. उचलीपर्यंत लावत राहा.